कनवटीचं पिस्तूल

आमच्या आजीची बँक तिच्या कनवटीला होती. तपकिरीची डबी, कपाटाची किल्ली आणि घड्या घालून घालून टपाल तिकिटाएवढी केलेली दहाची नोट, एवढा सगळा ऐवज नऊवारीच्या त्या एका वेढ्यात मावायचा. तो कुणाला दिसू नये अशी तिची इच्छा होती आणि तो दिसायचाही नाही. फक्त दर पंधरा मिनिटांनी तिचा तळहात तिथे जाऊन चाचपून यायचा. एसटीत गर्दी असली की हात तिथेच मुक्कामाला. खिसेकापूला शोधायचे कष्टच पडू नयेत, अशी सगळी सोय.

ही आजी मला आठवली ती थेट टेक्सासात, बंदुकांच्या दुकानात. गेल्या हिवाळ्यात तीन महिने धाकट्या भावाकडे ह्यूस्टनला होते. एक दिवस सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता तो म्हणाला, "ताई, एक पिस्तूल घ्यायचं म्हणतोय." मिक्सर घ्यायचा म्हणतोय, अशा सुरात. मी भावजयीकडे पाहिलं. तिने "हे वर्षभर चाललंय" अशा अर्थाने भुवया उडवल्या आणि वाटीत शेव काढून घेतली.

हा माझा भाऊ. दिवाळीत लवंगी फटाका लावायचा तर उदबत्ती लांब काठीला बांधायचा आणि वात पेटायच्या आधीच तुळशीवृंदावनामागे जाऊन बसायचा. आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे, बावीस वर्षं त्या देशात आहे, तिथला नागरिक आहे. मागच्या गल्लीत एकाकडे चोरी झाली, मुलगी शिकायला लांब गेली, ऑफिसातल्या निम्म्या लोकांकडे आहे, अशी तीन कारणं त्याने दिली. तिसरं खरं असावं असं मला वाटलं. आपल्याकडेही इन्व्हर्टर असाच घरोघरी आला.

आम्ही तिघं दुकानात गेलो. विक्रेता सत्तरीचा, पांढऱ्या मिशांचा, पॅंटला गॅलिस लावलेला. मला वाटलं, तो विचारेल की पिस्तूल कशाला हवं, कुणापासून भीती आहे. त्याने विचारलं, "शर्ट आत खोचता की बाहेर?"

भाऊ म्हणाला, "आत."

म्हातारा हळहळला. कुंभाराने कच्च्या मडक्याला तडा गेलेला पाहावा, तसा. मग पुढचे प्रश्न. दिवसातून किती तास गाडीत बसता? खुर्चीवर बसून काम की उभ्याने? उन्हाळ्यात काय घालता? पट्टा कुठला? पट्टा पोटाच्या वर बांधता की खाली? शिंपीसुद्धा इतकं विचारत नाही. त्या धंद्यात म्हणच आहे म्हणे, की कपडे बघून पिस्तूल घेऊ नका, पिस्तूल बघून कपडे घाला. पॅंट कमरेला दोन इंच ढगळ हवी, कारण पिस्तूल जातं ते पॅंटच्या आत, शरीर आणि कापड यांच्या मधे. माणसं तिथे त्याला लांबलचक इंग्रजी नाव देतात. मी मनात म्हटलं, अहो, ही तर कनवट.

मग त्याने काळ्या रबरी चटईवर एकेक पिस्तूल मांडायला सुरुवात केली. इथे मला त्या म्हाताऱ्याबद्दल आदर वाटला. प्रत्येक वेळी तो गोळ्यांचं मॅगझिन काढी, वरचा सरकता भाग मागे ओढून धरी, आत डोळ्यांनी बघी, बोट घालून बघी आणि मगच ते भावाच्या हातात देई. भावाने परत दिलं की पुन्हा तेच. दोन सेकंदांपूर्वी स्वतःच रिकामं असल्याची खात्री केली होती, तरी पुन्हा. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीशी असेच वागायचे. बाटलीवर नाव लिहिलेलं असलं तरी ते रोज वाचायचे.

मला मात्र हात लावायला मिळाला नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने तिथे बंदूक घेणं किंवा बाळगणं कायद्यात बसत नाही. शिकारीचा परवाना असला तर गोष्ट वेगळी! म्हणजे मी आधी हरणं मारायची परवानगी काढली असती, तर पिस्तुलाची वाट मोकळी झाली असती. म्हाताऱ्याला माझी दया आली असावी. त्याने ड्रॉवरमधून एक निळं प्लास्टिकचं पिस्तूल काढून माझ्या हातात ठेवलं. ना त्याचा चाप हलत, ना नळीला भोक. चामड्याची म्यानं बसतात की नाही ते बघायला अशी निळी पिस्तुलं दुकानात ठेवतात. पुढचा तासभर मी ते हातात धरून उभी होते आणि येणारे-जाणारे माझ्याकडे आदराने बघून "मॅम" म्हणत होते.

लपवायच्या पिस्तुलाचा इतिहास त्या म्हाताऱ्याला तोंडपाठ होता. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने खिशात मावणारी लहान पिस्तुलं करून नाव काढलं. ती इतकी खपली की नक्कल करणाऱ्यांनी त्याच्या आडनावात एक जादा 'आर' घालून आपलाही माल खपवला आणि आज सगळं जग ते चुकीचं स्पेलिंगच लिहितं. 14 एप्रिल 1865 ला वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरात बूथने लिंकनना गोळी घातली ती डेरिंजरच्याच पिस्तुलाने. जेमतेम सहा इंचांचं आणि एका बाराचं. आज ते त्याच थिएटरच्या संग्रहालयात काचेआड आहे. एकदा उडवलं की संपलं, म्हणून बूथने सुराही बरोबर ठेवला होता. पुढे 1994 साली अमेरिकी सरकारने नव्या मॅगझिनमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्या नकोत असा दहा वर्षांसाठी कायदा केला. कारखानदारांनी विचार केला, दहाच तर दहा, मग मूठ तरी एवढी लांब कशाला? ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीचं आखूड मुठीचं छोटं पिस्तूल त्याच काळात आलं. गोळ्या कमी व्हाव्यात म्हणून केलेल्या कायद्याने पिस्तुलं कमरेत मावायला लागली. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे नसावं.

हे ऐकून भावाच्या अंगात मराठी रक्त सळसळलं. त्याने म्हाताऱ्याला 1659 सालचा प्रतापगडचा पायथा, शामियाना आणि वाघनखं असं सगळं साभिनय सांगितलं. अंगठ्या बोटांत, नखं तळहातात, समोरच्याला दिसतात त्या नुसत्या अंगठ्या. म्हाताऱ्याने मन लावून ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "बाहेर काढायला किती वेळ लागायचा?" भाऊ म्हणाला, "काढावी लागत नाहीत, हातातच असतात." म्हातारा बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिला.

आता खरी अडचण. चटईवरचं सगळ्यात लहान पिस्तूल पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, पाव किलो फरसाणाएवढं. खिशात टाकलं तर चष्म्याचं घर वाटावं. भाऊ खूश. म्हाताऱ्याने त्याला मागच्या बाजूच्या गोळीबाराच्या गाळ्यात नेलं, जिथे पिस्तुलं भाड्याने मिळतात. मी काचेआड, कानांवर मोठे गोल मफ. भावाने पहिली गोळी झाडली आणि हात झटकला. दुसरी झाडली आणि माझ्याकडे वळून पाहिलं. दाराच्या फटीत बोट सापडल्यावर लहानपणी असाच बघायचा.

असं का होतं, याचं उत्तर मी नववीच्या वर्गाला एकतीस वेळा शिकवलंय. क्रिया तेवढी प्रतिक्रिया. त्यांच्या नेहमीच्या नऊ मिलिमीटरच्या गोळीचं घ्या. गोळी साडेसात ग्रॅमची, आखूड नळीतून सेकंदाला साधारण 330 मीटरने निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जवळपास. पिस्तूल अर्धा किलोचं धरलं तर ते सेकंदाला पाच मीटरने उलटं आपल्या तळहातावर येतं. ताशी अठरा किलोमीटर. बऱ्यापैकी दामटलेल्या सायकलचा वेग. तीच गोळी एक किलोच्या पिस्तुलातून झाडली तर वेग निम्मा. दारूच्या वायूंचा हिशेब मी सोडलाय, पण त्याने वेग वाढेलच, कमी होणार नाही. शिवाय मूठ इतकी आखूड की करंगळीला जागाच नाही. ती बिचारी हवेत, बशीतून चहा पिणाऱ्या जुन्या गृहस्थांच्या करंगळीसारखी. पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर कमी, त्यामुळे नेम धरताना हात केसभर हलला तरी गोळी वीतभर बाजूला.

आणि लहान पिस्तुलाचा सरकता भाग ओढायला हलका असेल, ही माझी समजूतही खोटी ठरली. तो वजनाला कमी आणि मागे जायला त्याला जागाही कमी, म्हणून त्याला आवरणारी स्प्रिंग जास्त ताठ लागते. भावजयीने दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. तिची बोटं सांधेदुखीची. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघेना की ती नवऱ्याला हाक मारते. इथेही तिने सवयीने ते त्याच्याकडे दिलं. अशा हातांसाठी ओढायला सोपी पिस्तुलं स्मिथ अँड वेसनने 2018 पासून काढली आहेत, असं म्हातारा म्हणाला. ती मात्र थोडी मोठी. म्हणजे लपवायला अवघड.

हा सगळा व्यवहार असा फिरून तिथेच येतो. हाताला बरं ते कमरेला जड, कमरेला बरं ते हाताला दुखरं. जे झाडायला सुखाचं ते लोक घरी ठेवून जातात, आणि जे रोज बरोबर नेतात त्याचा सराव करवत नाही, कारण तळहात हुळहुळतो. दहा मिलिमीटर इकडे, पन्नास ग्रॅम तिकडे, यासाठी माणसं वर्षानुवर्षं पिस्तुलं विकतात आणि नवी घेतात. भावाने शेवटी मधला मार्ग काढला. सिग सॉअरचं पी365, 2018 मध्ये आलेलं, एक इंच रुंद, पावणेसहा इंचांहून किंचित लांब, गोळ्या सोडून पाचशे ग्रॅम आणि आत दहा गोळ्या. नाव असं का? तर वर्षाचे 365 दिवस बाळगता येतं म्हणून. मी विचारलं, लीप वर्षात एक दिवस सुट्टी का? भावाने भाषांतर करून सांगितलं नाही.

मग सरकारी फॉर्म. त्यात होय-नाहीची बरीच प्रश्नावली. त्यातला एक प्रश्न: तुम्ही कायद्यापासून फरारी आहात का? त्यापुढे 'होय'वर खूण करणारा सत्यवचनी माणूस आजवर झाला असेल का, याचा मी अजून विचार करते आहे. पुढे संगणकावरून एफबीआयकडे पार्श्वभूमीची विचारणा. उत्तर काही मिनिटांत आलं. तेवढ्यात मी दुकानातला फुकटचा कॉफीचा कपही संपवला नव्हता. टेक्सासात 2021 च्या सप्टेंबरपासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला पिस्तूल लपवून नेण्यासाठी वेगळा परवानाही लागत नाही. भावाने तरी तो काढला, वर्गात बसला, परीक्षा दिली. परीक्षा असली की आमच्या घराण्याला चैन पडत नाही.

मला आमच्या साताऱ्याचं वर्तमानपत्र आठवत होतं. गणपतीच्या आधी आतल्या पानावर मनाई आदेशाची बातमी येते: शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, लाठ्या बाळगण्यास बंदी. ती यादी वाचताना सातारकर अजून घोड्यावरूनच हिंडतात की काय असं वाटतं. आमच्या आजोबांची एक गुप्ती होती. वरून काठी, आतून पातं. ती माळ्यावर इतकी गुप्त राहिली की वाडा पाडताना सापडली, तेव्हा तिचं पातं गंजून काठीतून निघेना. आणि आपल्याकडे परवाना म्हणजे अर्ज, पोलिसांचा अहवाल, जबाब, वाट बघणं, आणि मिळालाच तर निवडणूक आली की पोलीस ठाण्यात नेऊन जमा करणं. नऊ मिलिमीटरचं तर सामान्य माणसाला मिळतच नाही. 2014 साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं होतं. अर्धा किलोचं, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि मिळायचं ते दागिन्यांच्या डब्यासारख्या मरून पेटीत. ती पेटी ठेवणार बँकेच्या लॉकरमध्येच, हे कारखान्याला ठाऊक असावं.

पिस्तूल घरी आल्यावर मला वाटलं, संपलं. पण खरा प्रपंच नंतर सुरू झाला. पहिलं म्यान बसताना बरगडीला टोचायचं. दुसरं कातडी, ते घामाने भिजायचं. ह्यूस्टनचा घाम म्हणजे मुंबईच्या मे महिन्याचा सख्खा भाऊ. तिसरं कडक प्लास्टिकचं, पोटापुढे लावायचं. ते लावून उभं राहिलं की फर्मास, पण खाली बसलं की पोट आणि पिस्तूल यांच्यात जागेवरून वाद, आणि पोट तिथे आधीपासून राहणारं! चौथं अजून यायचंय. तिन्ही एका ड्रॉवरमध्ये पडून आहेत. असा ड्रॉवर तिथल्या प्रत्येक पिस्तूलवाल्याच्या घरी असतो, असं म्हाताऱ्याने आधीच बजावलं होतं. भावजय म्हणाली, "माझ्या ब्लाउजपीसांना नावं ठेवायचे ना, आता बघा, ताई."

शर्ट आता बाहेर. तोही चौकडीचा, कारण साध्या एकरंगी कापडावर पिस्तुलाचा आकार उमटतो. त्याला ते लोक छपाई म्हणतात. जन्मभर माणूस चार लोकांत छाप पाडायला धडपडतो आणि हा आरशासमोर वाकून, वळून, हात वर करून बघतोय की छाप पडत नाही ना. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर शर्ट वर जातो, म्हणून डबे मी काढायचे. मिठी मारायची ती डाव्या बाजूने.

1983 साली सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस सार्जंटने दाखवलं होतं, की एकवीस फुटांवरचा माणूस दीड सेकंदात धावत अंगावर येऊ शकतो. म्हणून भाऊ रिकामं पिस्तूल घेऊन दिवाणखान्यात सराव करी आणि मी क्रीडादिनासारखी मोबाइलवर वेळ लावी. पहिल्या दिवशी त्याने झटक्यात हात घातला आणि शर्टाचं टोक बाहेर काढलं. सव्वाचार सेकंद. तेवढ्यात ट्युलरचा माणूस येऊन चहा मागून गेला असता.

एका रात्री दोन वाजता मागच्या अंगणात मोठा आवाज झाला. मी जागी होते. जिन्यावर भावाची पावलं वाजली आणि ज्या कपाटात कुलपाची पेटी आहे तिथे थांबली. बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग भावजयीने खाली जाऊन अंगणातला दिवा लावला. कचऱ्याचा डबा आडवा आणि त्यात अर्धं शरीर घातलेलं एक रॅकून. त्याने मान काढून आमच्याकडे पाहिलं, हातातली मोसंबीची साल खाली ठेवली नाही. सकाळी चहाच्या वेळी मी भावाला विचारलं, "पेटी उघडली होतीस?"

"नाही," तो म्हणाला. "उघडली असती तर पुढे काय करायचं ते ठरवावं लागलं असतं."

त्यानंतर त्याने बराच वेळ चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं आणि विषय तिथेच राहिला.

रविवारी देवळात गेलो. दारावर दोन पाट्या. एक, चपला इथे काढाव्यात. दुसरी भिंतभर, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंच अक्षरांत: परवाना असला तरी लपवलेलं पिस्तूल आत आणू नये. अक्षर निदान इंचाचं हवं, रंग उठून दिसणाराच हवा, असं टेक्सासच्या कायद्यात लिहिलंय. फळ्यावर मुलांनी एवढं ठळक लिहावं म्हणून मी जन्म घालवला. भाऊ पुन्हा गाडीकडे गेला, कमरेचं काढून गाडीतल्या पेटीत कुलपात ठेवलं आणि परत आला. मग चपला काढल्या. देवापुढे उभा असताना त्याचा उजवा हात एकदा कमरेकडे गेला, जागा रिकामी लागली, हात दचकला आणि तसाच वर येऊन नमस्कारात जुळला.

ते चाचपणं मला ओळखीचं होतं. दुकानात, रांगेत, पेट्रोल भरताना, दर पंधरा मिनिटांनी त्याचा तळहात तिथे जाऊन येई. मी त्याला सांगितलं, "आजी आठवते का?" त्याला राग आला. म्हणाला, हे सवयीने जातं, पुढे अंगावर आहे हेसुद्धा कळत नाही. ते मात्र खरं असावं. 2023 साली अमेरिकेच्या विमानतळांवर तपासणीच्या वेळी प्रवाशांच्या हातातल्या सामानात 6,737 बंदुका सापडल्या आणि त्यातल्या शंभरात त्र्याण्णव भरलेल्या होत्या. विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच: विसरलो. एवढ्या खटपटी करून जाणवू नये असं पिस्तूल निवडायचं, आणि मग ते इतकं जाणवत नाही की पिशवीतून विमानापर्यंत येतं.

निघायच्या दिवशी भावाने विमानतळावर सोडलं. मी आत वळले तर हा दरवाज्यापाशी उभा आणि हात कमरेवर.

"गाडीत ठेवलंयस ना?" मी ओरडून विचारलं.

"हो!"

"मग चाचपतोयस काय?"

तो हसला आणि त्याच हाताने टाटा केला.

पुढे तपासणी. हात वर करून त्या काचेच्या खोक्यात उभी राहिले. बाहेर आले तर पडद्यावरच्या बिनचेहऱ्याच्या बाहुलीच्या कमरेवर, डावीकडे, पिवळा चौकोन. हातमोजे घातलेली एक तरुण मुलगी पुढे आली आणि फार अदबीने म्हणाली, मॅम, इथे काही आहे का?

होतं ना. परकराला आतून शिवलेला चोरखिसा, आणि त्यात घराची किल्ली, सेफ्टी पिनांचा गुच्छ, भावजयीने ओटीत घातलेली सुपारी आणि दुमडून दुमडून लहान केलेल्या शंभर डॉलरच्या दोन नोटा. मुलीने विचारलं, हे काय आहे, म्हणजे याला काय म्हणतात? एकतीस वर्षं मुलांना अचूक शब्द वापरायला शिकवलेली मी. तोंड उघडलं, मनात त्या शब्दाचं शब्दशः इंग्रजी केलं, चोराचा खिसा, आणि तिच्या पट्ट्याला लटकलेल्या वॉकीटॉकीकडे बघत तसंच मिटलं.